कोपीतला सहावा दगड

तोगरवाडी, ता. उदगीर
२४ नोव्हेंबर

प्रिय फरीदा,

गावात इंटरनेट आलं. तसा डबा दोन वर्षांपूर्वीच आला होता. वाचनालयाच्या भिंतीवर त्याला ठोकून माणसं गेली ती गेलीच. चिमण्यांनी त्याच्यावर घरटं केलं. परवा उदगीरहून एक जण आला, घरटं अलगद काढून खिडकीत ठेवलं, डब्यात वायर खुपसली आणि हिरवा दिवा लागला. आम्ही सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. दिवा लागला म्हणजे नेमकं काय झालं हे कुणालाच कळलं नव्हतं, मलाही नाही.

वायर मोठ्या रस्त्याच्या कडेनं, आमच्या शेताच्या बांधाला लागून पुरत आणली आहे म्हणे. पुरली तेव्हा मी आजारी पडून उदगीरला भावाकडे होते, त्यामुळे बघितलं नाही.

आता मुख्य गोष्ट. सरपंच माणिकप्पा म्हणाले, "वहिनी, खोली आता इंटरनेटला लागंल. पुस्तकांचं कपाट काढावं लागंल." मी म्हटलं, "डबा भिंतीवर, कपाट जमिनीवर. दोघांचं भांडण कुठं आहे?" लोक हसले तसे ते जरा नरमले. पण अट घातलीच. महिना-दीड महिन्यात तपासणीला साहेब येणार आहेत. दिवा हिरवा दिसला, तर शाळेला आणि दवाखान्याला जोडणी मिळेल, वाचनालय जागेवर राहील आणि चावी माझ्याकडे. लाल दिसला, तर आपला नंबर पुढच्या गावाला, आणि खोलीत पंचायतीची सिमेंटची पोती.

तुला ठाऊक आहे, हे वाचनालय आमच्या ह्यांनी उभं केलं. रोज एसटीनं पेपर आणायचे. मी एसटीच्या पाट्या आणि किराणाच्या पुड्या वाचत वाचत शिकले, पण सबंध पुस्तक पहिल्यांदा वाचलं ते त्याच खोलीत. हे गेल्यापासून सकाळी उठून जायला मला तेवढी एकच जागा आहे. म्हणून दिवसातून दहा वेळा दिव्याकडे बघते. दूध उतू जाईल की काय असं बघतात ना, तसं.

आणि यंदा मी येळवशीला, येळ अमावास्येला, पूजेची कडब्याची कोप घालणार आहे. ह्यांच्या मागे घातलीच नव्हती, दानम्माच्या शेतात जेवायला जायचे. यंदा आपल्या शेतात, त्यांच्याच जागी. दानम्मा म्हणते, "जाऊबाई, बाईमाणसानं कोप घालायची असती का?" मी म्हटलं, "पडली तर बाईच्या अंगावर पडंल."

वाजिदभाईंना नमस्कार.

तुझी,
जगदेवी


किनवट
५ डिसेंबर

माझी जगू,

सलाम. पत्र वाचून वाजिदमियां म्हणाले, "भाभी अब दिया संभालने वाली अफसर हो गई." दुकानात सध्या आश्रमशाळेच्या गणवेशांचा ढीग आहे. निळा कपडा, निळा धागा, स्वप्नातसुद्धा निळं दिसतं. त्यांच्या कात्रीला धार लावायची आहे, पण शिकाऊ माणसाच्या हातात ती द्यायची नाही, असा त्यांचा हट्ट.

साहेबांची तारीख कोणती? नीट चौकशी कर. बाहेरून येणाऱ्या माणसाला आपली येळवस ठाऊक नसते. इथे किनवटला मी कुणाला सांगितलं, की आमच्याकडे त्या दिवशी अख्खं गाव शेतात जेवायला जातं, तर म्हणतात, म्हणजे डबा पार्टी? आता ह्यांना काय सांगू! तुझ्या वडिलांच्या शेतातली शेंगा-पालेभाज्यांची भज्जी आणि ताकातली आंबील मी अजून विसरलेले नाही. आमची अम्मी तुमच्या कोपीपर्यंत यायला लाजायची, तर तुझ्या वडिलांनी तिला भाकरी बांधावर आणून दिली होती. पुढच्या साली तीच सगळ्यांच्या आधी निघाली.

कोप घाल. भाऊजींच्या जागी घालतेस हे वाचून बरं वाटलं.

आणि तुमच्याकडे ते एकदाचं चालू झालं की मला तोंड दाखव. तुझा आवाजसुद्धा ऐकून वर्ष झालं. उदगीरला जाऊन फोन करतेस आणि बाजूला बसचा भोंगा. मला आता भोंग्याचा आवाज तुझ्यापेक्षा जास्त ओळखीचा आहे.

तुझी,
फरीदा


तोगरवाडी
२ जानेवारी

प्रिय फरीदा,

तुझी जीभ काळी आहे. साहेब नेमके येळवशीलाच आले.

पण आधी कोप. येळवशीच्या सकाळी दिवा हिरवा बघितला, कुलूप लावलं, चावी कमरेला खोचली आणि शेतात गेले. कडबा आणला, पहार आणली, कोयता आणला आणि सुतळी घरी विसरले. दानम्मा हसायला लागली. मी खड्डा घेत होते, तर हातभरसुद्धा खाली गेले नाही तोच पहारीला काळी नळी लागली. मला एकदम आठवलं. ह्यांनी मिरचीला ठिबक केलं होतं, ते मोडल्यावर उरलेली नळी उंदरांनी कुरतडू नये म्हणून बांधाला पुरून ठेवली होती. तीच ही. ओढून काढली, पण तुटता तुटेना. कोयत्यानं घाव घातले तेव्हा लांबसा तुकडा निघाला. त्यानंच कोपीचा शेंडा बांधला. काय सांगू तुला, कडेला बसून थोडी रडले आणि थोडी हसले. मी सुतळी विसरणार हे माणसाला आधीच ठाऊक होतं जणू.

आत पाच दगड चुन्यानं रंगवून पांडव बसवले. पूजा दानम्मा आणि दीरांनी केली. मी पानं वाढत होते, तर रस्त्यावर गाडी थांबली. दोन साहेब. गावात गेले होते, तिथं कुत्रीसुद्धा नव्हती, तीही शेतातच. धूर बघून पहिल्या कोपीकडे आले, ती माझी.

"इथे कुणी पंचायतीचं आहे का?"

"सगळी पंचायत जेवायला बसली आहे. बूट काढा, आत पांडव आहेत."

"आमची तपासणी आहे."

"चावी माझ्याकडं आहे आणि हात पिठाचे आहेत. आधी जेवा."

जेवले. मोठे साहेब आंबील दोनदा मागून प्याले. वर बघून म्हणाले, "मावशी, कोप मजबूत बांधली आहे." मला इतका अभिमान वाटला!

मग गावात जाऊन कुलूप काढलं, तर दिवा लाल.

फरीदा, मी डबा पदरानं पुसून पुन्हा बघितला. सकाळी हिरवा होता, मी शपथेवर सांगितलं. साहेब भले निघाले, म्हणाले, "महिन्याभरात दुरुस्त करून ठेवा, फेब्रुवारीत पुन्हा येतो." पण माणिकप्पा भडकले. रस्त्यावर त्या दिवशी जेसीबी चालू होता. चालवणारा बजरंग, तुमच्या किनवटकडचा, त्याला येळवस माहीत नाही म्हणून तो काम करत होता. "त्यानंच तोडली, दुसरं कोण?" लगेच तक्रार गेली. मालकानं बजरंगला कामावरून बसवून ठेवला आहे. तो बिचारा सांगत होता, "मी तर नालीच्या पलीकडं होतो हो." कोण ऐकतंय?

नळीच्या आत पिवळा धागा निघाला, सोबत थोडा घातला आहे. तुटतच नाही. आश्रमशाळेच्या दप्तरांना शिवायला चालेल का, वाजिदभाईंना विचार.

तुझी,
जगदेवी


किनवट
१२ जानेवारी

जगू,

हे पत्र एकटी असताना वाच.

धागा मिळाला. वाजिदमियांनी हातात घेतला, ओढून बघितला, कात्री लावली. कात्री चालेना. परत लावली. मग मला हाक मारली, "भाभी को लिखो, ये धागा नै, बला है. मेरी कैंची मर गई!" आणि खरंच, धारेवर खाच पडली. दोन दिवस घरात त्या कात्रीचं सुतक.

तेवढ्यात मुनीबभाई शर्टाचं माप द्यायला आले. ते रेल्वे लाइनीच्या कडेनं केबल जोडायचं काम करतात. धागा बघून म्हणाले, "हे तुमच्याकडे कसं? हे तर इंटरनेटच्या केबलमध्ये असतं. काचेच्या तारेला ताण बसू नये म्हणून."

मी हसायला लागले आणि मग थांबले. तुझं पत्र पुन्हा काढलं. ठिबकच्या नळीला भोकं असतात, जगू. आतून पोकळ असते. तिच्यात धागा कुठून येईल? सकाळी दिवा हिरवा, मग कोयता, मग दिवा लाल.

साहेब ज्याची तपासणी करायला आले होते, त्याच्याच खाली बसून आंबील प्याले ग.

मुनीबभाईंना मी तुझं नाव, गाव काही सांगितलेलं नाही. वाजिदमियांही कुणाला सांगणार नाहीत. मनात आलं तर हे पत्र चुलीत घाल, मी पुन्हा विषय काढणार नाही. तुझी खोली जाऊ नये असं मला तुझ्याइतकंच वाटतं.

फक्त त्या बजरंगचं तेवढं मनात राहतं.

तुझी,
फरीदा


किनवट
२३ जानेवारी

जगू,

उत्तर नाही. रागावलीस का? मी लिहायला नको होतं का? वाजिदमियां म्हणतात लिहिलं ते बरोबर केलं, पण ते कात्रीमुळे तुझ्यावर आधीच नाराज आहेत, त्यांचं धरू नकोस.

रागाचं का होईना, एक कार्ड टाक.

फरीदा


तोगरवाडी
२८ जानेवारी

प्रिय फरीदा,

रागावले नव्हते. लाजले होते.

तुझं पत्र वाचलं आणि तशीच शेतात गेले. कोप अजून उभी होती. शेंड्याचं सोडून घेतलं. नीट बघितलं, तर त्याच्यावर बारीक पांढरी अक्षरंसुद्धा होती. वाचणारी बाई म्हणून गावभर मिरवते मी, आणि हातातली अक्षरं दिसली नाहीत. कारण मला ती नळी ह्यांची हवी होती.

खरं सांगू, खोली जाईल याचं भय होतंच. पण त्याहून वाईट वाटलं ते हे, की त्यांनी माझ्यासाठी काही ठेवलं नव्हतं. येळवशीपासून मी रोज झोपताना तेवढं एक आठवून झोपत होते.

दहा दिवस वाचनालयात जाऊन लाल दिव्यासमोर बसले. पुस्तक उघडायचं आणि तेच पान. एकदा बजरंग आला. त्याचा जेसीबी पंचायतीच्या मागे उभा होता, त्याच्यात राहिलेला जेवणाचा डबा घ्यायला आला होता. मला म्हणाला, "मावशी, पेपर हाय का आजचा? बसून बसून कटाळा आला." मी त्याला पेपर दिला. त्याच्याकडे बघवेना.

सव्वीस जानेवारीच्या ग्रामसभेत उठले. माणिकप्पा बजरंगच्या मालकावर बोलत होते. मी केबलचा तो तुकडा टेबलावर ठेवला आणि त्याच्या शेजारी चावी.

"काय वो वहिनी हे?"

"तुमचा इंटरनेट. मी तोडला. कोपीला बांधला होता."

माणिकप्पांनी तुकडा उचलून उलटसुलट बघितला. मग मागून कुणीतरी फसकन हसलं. मग सगळीच सभा. माणिकप्पांना हसावं की ओरडावं कळेना. "वहिनी, सरकार दिल्लीपासून वायर आणून ऱ्हायलं आणि तुम्ही ती कडब्याला बांधली?"

"नळी वाटली ठिबकची."

दानम्मा उठली. एरवी ती माझ्या बाजूनं कधी बोलत नाही. म्हणाली, "मी तिथंच हुते. मलाबी नळीच वाटली. वायर पुरायची तर नीट पुरावी की. हातभर खाली कोण पुरतं? आमी गाजरं त्याच्यापेक्षा खोल लावतो."

बजरंग दाराशी उभा होता. मी त्याला म्हटलं, "बाबा, चूक माझी, भोगलंस तू." तो म्हणाला, "जाऊ द्या मावशी, पेपर तरी वाचून झाले." मालकाला तिथूनच निरोप गेला, दुसऱ्या दिवशी तो कामावर.

राहिली चावी. माणिकप्पा ती उचलणार, तेवढ्यात म्हातारे ग्यानोबा काठी आपटत बोलले, "चावी बाईपशीच ऱ्हाऊ द्या. तिनं एकदा तोडलंय, ती आता पुन्ना तोडायची न्हाई. बाकी गावाचा अजून एकेक नंबर शिल्लक हाय."

चावी माझ्या कमरेला आहे. पण दिवा अजून लाल आहे आणि साहेब येणार आहेत. म्हणजे खोली अजून टांगलेलीच. जोडायला माणूस सोमवारी येतो म्हणाला आहे.

वाजिदभाईंच्या कात्रीचं पाप माझ्यावर. काय शिक्षा ते कळव.

तुझी,
जगदेवी


किनवट
५ फेब्रुवारी

जगू माझी,

पत्र मी दुकानात मोठ्यानं वाचलं. गिऱ्हाइकं थांबून ऐकत होती. ग्यानोबांच्या वाक्याला एका बाईनं टाळी दिली.

शिक्षा ठरली आहे. वाजिदमियां म्हणतात, भज्जी आणि आंबील, कोपीत बसून. नवी कात्री आली, आता ते माफ करायच्या तयारीत आहेत, पण उपाशीपोटी नाही.

भाऊजींनी काही ठेवलं नाही असं लिहिलंस. मी त्यावर काय लिहू? खोली आहे, असं लिहिणार होते. पण ते तुलाही ठाऊक आहे, आणि तुला हवी होती ती सुतळी.

दिव्याचं काय झालं ते लगेच कळव. मी इथं रोज आमच्या शिलाई मशीनच्या दिव्याकडे बघते.

फरीदा


तोगरवाडी
१७ फेब्रुवारी

प्रिय फरीदा,

परवा वाचनालयात बजरंगच्या फोनवर आपण एकमेकींना बघितलं, तरी पत्र लिहिते आहे. कारण बघितलं तेव्हा काहीच बोलणं झालं नाही. तू "दिसते का" म्हणालीस, मी "दिसते" म्हणाले. मी "दिसते का" म्हणाले, तू "दिसते" म्हणालीस. मग तू डोळ्याला पदर लावलास आणि तशीच थिजून गेलीस. मला वाटलं, रडून रडून हिला काही झालं की काय. बजरंग म्हणाला, "मावशी, ते अडकलंय." मागे वाजिदभाई नवी कात्री हवेत नाचवत होते, तीही तशीच अडकली. केस किती पांढरे झाले ग तुझे! छान दिसतात.

तर दिवा हिरवा आहे. साहेब येऊन गेले, शाळेला आणि दवाखान्याला जोडणी लागली, कपाट जागेवर. मोठ्या साहेबांना कोपीची गोष्ट सांगितली. ते आधी गंभीर झाले आणि मग म्हणाले, "म्हणजे मी वर बघून कौतुक केलं ते..." पुढचं त्यांच्या हसण्यातच गेलं.

पण खरी गोष्ट ही नाही. वायर जोडायला आला तो माणूस म्हणाला, इतक्या वर ठेवली तर कुणीही तोडेल, बांधाच्या कडेनं पुन्हा खोल घालावी लागेल. खोदायला बजरंगच आला. म्हणाला, "मावशी, कोपीची जागा सोडून लांबून नेऊ का?" मी म्हटलं, "नको. कोप तिथंच होणार. तू खालून ने, खोल." तो मशीन इतकं जपून चालवत होता, जशी काही म्हातारीची वेणी घालतो आहे.

कोपीच्या जागेपासून थोडं पुढं गेला आणि मशीन बंद करून ओरडला, "मावशी, आणखी एक केबल!"

सगळ्यांची धावपळ. माणिकप्पांनी तर डोक्याला हात लावला. जोडणारा माणूस खड्ड्यात उतरला, मातीतून काळं वेटोळं बाहेर काढलं, झटकलं आणि हसला. "ही नळी आहे ओ. ठिबकची. भोकं बघा की."

गोल गुंडाळून, पोत्यात घालून, वर फरशीचा तुकडा ठेवून पुरली होती. उंदरांचा दात लागलेला नाही. पोतं कुजलं, पण वेटोळं जसंच्या तसं. आमचे हे दोरखंड गुंडाळायचे तशीच गाठ मारलेली, उलटी. डावखुरे होते ना.

मी तिथंच बांधावर बसले. बजरंगनं मशीन पुन्हा चालू करायला बराच वेळ लावला.

खड्डा बुजवल्यावर त्यांनी वर सिमेंटचा दगड रोवला, "खाली वायर आहे, खोदू नये" असं लिहून. मी म्हटलं, आमच्याकडं पाटी कोण वाचतं? वाचणाऱ्या बाईनंच तर तोडली. मग घरून चुना आणला आणि पांडवांसारखा तो दगडही रंगवून टाकला. कोपीच्या बरोबर तोंडाशी येतो. आता त्याला पहार लावायची कुणाची छाती होणार नाही.

दानम्मा म्हणाली, "जाऊबाई, पांडव पाच असतेत. ह्यो सहावा कोण?"

मी म्हटलं, "कर्ण. त्याला आपल्यात कुणी बसवून घेतलं नव्हतं. आपण घेऊ."

ग्यानोबा म्हणाले, ह्याच्यापुढं आंबील शिंपताना वायरवर पडली तर चालंल का, ते सायबाला विचारून ठेवा.

पुढच्या येळवशीला तुम्ही दोघं यायचं, आदल्या दिवशीच. बजरंगलाही सांगितलं आहे. नळीचं वेटोळं वाचनालयाच्या कपाटावर ठेवलं आहे, हिरव्या दिव्याच्या खाली. कोप त्यानंच बांधायची.

सुतळी मी घरी मुद्दाम विसरणार आहे.

तुझी,
जगदेवी